नेटवर्क नाही म्हणून रेशन थांबते का? भारतनेट समजून घ्या

वाराणसीच्या सेवापुरी किंवा पिंडरा ब्लॉकमधील रेशन दुकानात तुम्ही ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवता, तेव्हा त्याची पडताळणी दूरच्या सर्व्हरवर होते. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे महाराष्ट्राचे कार्ड असलेल्या पात्र कुटुंबालाही येथे धान्य मिळते, तेही अशाच ऑनलाइन पडताळणीने. म्हणून गावापर्यंत येणारी तार महत्त्वाची.

तांब्याऐवजी काच का?
संदेशाची कंपने जितकी वेगवान, तितकी जास्त माहिती पाठवता येते. पण तांब्याच्या तारेत अशा संदेशाची ऊर्जा लवकर संपते. घरच्या टीव्ही केबलमध्ये सेकंदाला 100 कोटी कंपनांचा संदेश साधारण 15 मीटरमध्येच निम्मा होतो. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातील प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे 193 लाख कोटी. तरी तो निम्मा व्हायला जवळजवळ 15 किलोमीटर लागतात. शुद्ध काचेतून हे जमेल, असे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना 2009 चे नोबेल मिळाले.

मग नेट का जाते?
काचेत प्रकाश फारसा कमी होत नाही, तार तुटते. रस्ता, नाली किंवा पाइपलाइन खोदताना ती कापली जाते. ब्लॉकपासून निघालेली तार एकेरी असेल, तर एका ठिकाणी तुटताच पुढच्या सर्व ग्रामपंचायती बंद पडतात. 4 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात (खर्च 1,39,579 कोटी रुपये) त्यामुळेच वलयाकार जोडणी आहे. एक बाजू तुटली, तर संदेश दुसऱ्या बाजूने जातो. खोदण्यापूर्वी तारेच्या मालकाला कळवण्यासाठी मार्च 2023 पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲपही आहे. योजनेचे खरे यश टाकलेल्या तारेच्या लांबीवर नव्हे, ती रोज चालू राहण्यावर ठरेल.

तुम्ही काय करावे?
• नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही, एवढ्यावरून पात्र लाभार्थ्याला रेशन नाकारू नये, अशी केंद्राची 24 ऑक्टोबर 2017 ची सूचना आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवा आणि दुकानदाराला नोंदवहीत नोंद करण्यास सांगा.
• दुसऱ्या राज्याचे कार्ड असल्यास अडचण 14445 वर कळवा.
• इतर तक्रारींसाठी 1967 वर फोन करा.
• गावात खोदकाम होणार असेल, तर ग्रामपंचायतीला आधी सांगा.