सात जणींचा मोर्चा

परवा आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संक्रांतीचे हळदीकुंकू होते. टीव्हीवर कुठल्याशा अरब देशातल्या स्त्रियांची निदर्शने दिसली, तशा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, या कधीपासून बोलायला लागल्या?"

बऱ्याच आधीपासून, वहिनी! १९५१ साली कैरोत डोरिया शफीक दीड हजार स्त्रियांना घेऊन थेट संसदेत घुसल्या. १९५६ मध्ये इजिप्तच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला.

पण इतके लांब कशाला जायचे? आपल्या मुंबईतच १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी विधानसभेवर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. मोर्चा म्हणे, आणि बायका सात! आमच्या हळदीकुंकवालासुद्धा याहून जास्त होत्या. पण मोहल्ला काय म्हणेल हे पुरते ठाऊक असूनही त्या घराबाहेर पडल्या.

दलवाईंची भिस्त राज्यघटनेवर होती. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराणच पुढे केले: असा तलाक यात आहेच कुठे? मला हा दुसरा प्रश्न अधिक बोचरा वाटतो. मौलवींना त्यांच्याच पोथीतून विचारलेला! शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायरा बानो खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. मोर्चानंतर तब्बल ५१ वर्षांनी.

वाण घेताना वहिनी हळूच म्हणाल्या, "माझी विधवा नणंद घरी एकटीच बसलीय हो."

मीच तिला बोलावले नव्हते.