बदललेले इंजिन आणि न बदललेले दप्तर

जुन्या वाहनांच्या शौकिनांत एक सोवळा पंथ आहे. कारखान्यातून गाडी ज्या अवयवांनिशी बाहेर पडली, त्यांपैकी एकाचाही पालट झाला की ती बाटली, असे या पंथाचे मत असून, 2021 पासून केंद्र सरकारचेही मत जवळजवळ तेच झाले आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये पहिल्या नोंदणीस 50 वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ ही पदवी मिळू शकते. मात्र चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट तिला जोडलेली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, सनदेची मुदत 10 वर्षे, आणि एवढे करून गाडी रस्त्यावर काढावयाची ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या प्रयोजनांपुरती.

राजवाड्यांतील मोटारींना हा नियम शोभून दिसतो. ज्या माधवराव शिंद्यांचे नाव आमच्या उज्जैनच्या माधव नगराला लाभले (आम्ही रहिवासी त्याला फ्रीगंजच म्हणतो, हा भाग निराळा), त्यांना यंत्रांचा असा नाद होता की ग्वाल्हेरच्या जयविलासात पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार चांदीच्या चिमुकल्या आगगाडीतून फिरत. त्या आगगाडीचे इंजिन कोणी बदलू म्हणेल, तर मीही हरकत घेईन. परंतु माळव्याच्या काळ्या मातीत, पाऊस पडल्यावर बैलांचेही खूर रुततात अशा वाटेने, धान्याची पोती मंडईपर्यंत आणण्यासाठी जी फोर-बाय-फोर पिकअप जन्मली, तिच्या पावित्र्याचा निकष राजवाड्यातून आणावा हे मला पटत नाही.

महिंद्रांची एफसी-150 हे या जातीचे उत्तम उदाहरण. मूळची ही विलीस कंपनीची, जीपच्याच 81 इंची चाकांतरावर उभी केलेली, दोन आसनांच्या मधोमध केबिनमध्येच इंजिन बसविलेली, बोथट तोंडाची गाडी. अमेरिकेत ती 1965 साली बंद झाली, महिंद्रांनी मात्र ती पुढेही बनविली. तिच्या पोटातले ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे 2,200 घनसेंटिमीटरांचे. हेच इंजिन विलीसने 1953 मध्ये सीजे-3बी जीपमध्ये घातले, तेव्हा ते आधीच्यापेक्षा उंच असल्यामुळे गाडीचे बॉनेटच उंच करावे लागले. म्हणजे ज्या उंच नाकाच्या जीपला आपण अस्सल म्हणून नमस्कार करतो, ती स्वतःच एका इंजिन-पालटाची संतती आहे. पुढे 1973 नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि पेट्रोलची जीप हाकणे चैनीचे झाले, तेव्हा महिंद्रांनीच ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले, आणि 1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. कारखानदाराने केले ते परिवर्तन, आणि मिस्त्रीने केला तो भ्रष्टाचार, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

तथापि मिस्त्रीची बाजू घेताना एक तक्रार मांडल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे इंजिन बदलतात आणि गिअरबॉक्स जुनाच ठेवतात, कारण इंजिन नजरेत भरते आणि गिअरबॉक्स नजरेआड असतो. वस्तुतः खरे कौशल्य या दोहोंच्या सांध्यात आहे. नव्या इंजिनाचे फ्लायव्हील आणि जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट यांमध्ये जी अ‍ॅडॅप्टर प्लेट लेथवर कातून घालतात, तिचे केंद्र केसभर जरी ढळले, तरी क्लच लवकर झिजतो, बेअरिंग ओरडू लागते, आणि मालक दोष देतो तो इंजिनाला. शिवाय डिझेलचे धक्के कठोर. एफसी-150च्या तीन गिअरांच्या जुन्या टी-90 गिअरपेटीने ते वर्षानुवर्षे सोसावेत ही अपेक्षा अन्यायाची आहे. वेगाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर 5.38, म्हणजे ट्रॅक्टरच्या कुळातले संथ इंजिन मिनिटाला 2,500 फेरे घेत असताना टॉप गिअरमध्येही गाडी ताशी साठ-पासष्ट किलोमीटरांपलीकडे जात नाही. उलट पहिला गिअर आणि ट्रान्स्फर केसचा छोटा गिअर एकत्र लावले, की चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे सुमारे 37 फेरे पडतात. चिखलात हे वरदान आहे, इंदूरच्या रस्त्यावर शिक्षा.

म्हणून गिअरबॉक्सही बदलावा. पण येथे चारचाकी ओढीची खरी मेख आहे. जुन्या जीपजातीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलांचे डिफरन्शियल तिच्या तोंडाशी जुळावेत म्हणून मध्यापासून एका अंगाला सरकविलेले असतात. दुसऱ्या घराण्याचा चार-पाच गिअरांचा बॉक्स त्याच्या ट्रान्स्फर केससह आणला आणि तिचे तोंड मधोमध किंवा भलत्याच बाजूला निघाले, तर दोन्ही अ‍ॅक्सल बदलण्याची तजवीज करावी लागते. लांब गिअरबॉक्स घेतला, तर 81 इंचांच्या त्या आखूड देहात मागचा प्रोपेलर शाफ्ट इतका तोकडा होतो आणि इतक्या तिरप्या कोनात फिरतो की त्याचे क्रॉस फार काळ टिकत नाहीत. वायपरची गोष्ट तर कोणाच्या ध्यानीही येत नाही: ते पेट्रोल इंजिनाच्या शोषणावर चालत, डिझेलमध्ये तसे शोषण नसल्यामुळे निराळा व्हॅक्यूम पंप किंवा विजेची मोटर लावली नाही, तर पहिल्याच पावसात काच आंधळी होते.

एवढे सारे निगुतीने करणारे मिस्त्री आहेत. दप्तराची वाट मात्र कोणी धरीत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तिका विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच वाचनावर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. कायद्याचा हेतू रास्त आहे, कारण ब्रेक जुने आणि इंजिन दुप्पट दमाचे अशा गाड्या माणसे मारतात. परंतु एकीकडे बदलाची नोंद दुर्घट, दुसरीकडे बदललेल्या गाडीस पुराणत्वाची पदवी नाही. या कात्रीत सापडलेला मालक परिवहन कार्यालयाचे तोंड चुकवितो, आणि पुस्तिकेत पेट्रोल लिहिलेली गाडी बिनदिक्कत डिझेल पिते. तपासणी करून, ब्रेक व स्टिअरिंग पारखून, नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदवून अशा वाहनांचा एक निराळा वर्ग करण्यास सरकारला काय अडचण आहे, ते समजत नाही. तसे झाले, तर मिस्त्रीचे नावही पुस्तिकेत यावे, अशी माझी जास्तीची मागणी आहे.

तूर्त, ज्यांनी पालट करण्याचे ठरविलेच आहे त्यांनी काढलेले ‘हरिकेन’ भंगारवाल्याला विकू नये. सिलिंडरांत थोडे तेल सोडून, प्लगची भोके बंद करून, क्रमांकाची पट्टी शाबूत राखून ते गिअरबॉक्ससह लाकडी चौकटीवर ठेवावे. चेसिसला नवी भोके पाडण्याऐवजी जुन्याच माउंटिंगांवर बोल्टने बसणारे ब्रॅकेट करून घ्यावेत. उद्या कोणास ती सरकारी सनद हवीशी वाटली, तर परतीची वाट निदान लोखंडाच्या बाजूने तरी मोकळी असेल.

— वाटसरू, माधव नगर, उज्जैन