खाडीवरील पाखरांची मोजणी व आपण

खाडीकांठच्या आमच्या कित्येक सभासदांस दरवर्षीं पौषाच्या सुमारास दुर्बिणी घेतलेली कांहीं मंडळी खारबांधावर उभी दिसतात. हीं माणसें कोण, व आमच्या जमिनीकडे काय पाहतात, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. कांहीं ठिकाणीं त्यांस बांधावरून हांकून दिल्याचेंही ऐकिलें. त्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

ही मंडळी जमीन मोजीत नाहींत, पाखरें मोजतात. आशियाई पाणपक्षी गणना म्हणून जें काम १९८७ सालापासून दर जानेवारींत चालतें, त्याचाच हा भाग होय. चिखल्या, पाणटिवळा, बाकचोच तुतारी, टिलवा हीं पाखरें हिंवाळ्यांत आपल्या खाड्यांच्या चिखलावर किडे व बारीक शिंपले टिपावयास येतात. टिलवा तोलून पाहिल्यास जेमतेम दोन तोळे भरेल. पण त्याचें घरटें सैबीरियाच्या उत्तर टोकास, बर्फाच्या मुलखांत असतें. पिकास यांची तोशीस नाहीं म्हटलें तरी चालेल. पाणटिवळ्यास मात्र शेतांत सांडलेले दाणे वर्ज्य नाहींत, हें कबूल केलें पाहिजे.

आम्हीं तीस वर्षें महसुलाचें दफ्तर सांभाळिलें. ज्या चिखलांत भात पिकत नाहीं, त्यापुढें 'पोटखराब' हा शेरा आमच्याच हातानें किती वेळां पडला असेल, कोण जाणे. तो शेरा आकारणीपुरता खरा होता. पण पुढें वाचणारा त्याचा अर्थ 'निरुपयोगी' असा करितो, आणि निरुपयोगी जागेंत भराव टाकण्यास कोणाचा हात अडखळत नाहीं.

गतवर्षीं आम्ही या मंडळींबरोबर ठाण्याच्या खाडीवर गेलों. ओहोटीस पाखरें कोसभर पसरतात, तेव्हां मोजणें व्यर्थ. भरती आली कीं चिखल बुडतो आणि सारीं एका उंचवट्यावर दाटीनें येऊन बसतात. मोजणी तेव्हांच करावयाची. शंभर पाखरांचा एक तुकडा नजरेनें बांधावा, व असे किती तुकडे थव्यांत बसतात तें पाहावें. आणेवारी ज्यानें केली आहे त्यास ही रीत परकी नाहीं. आमचा अंदाज मात्र सोबत्यांच्या सावकाश मोजणीच्या निम्म्यालाही भरला नाहीं! दाट थव्यांत डोळा नेहमीं कमीच धरतो, असें त्यांचें म्हणणें. एकच थवा उडून दोन ठिकाणीं मोजला जाऊं नये म्हणून जवळजवळच्या जागा एकाच वेळीं निरनिराळ्या माणसांनीं मोजाव्या लागतात.

तेथेंच खरी अडचण ध्यानांत आली. ठाणे खाडीचें अभयारण्य २०१५ सालीं जाहीर झालें. क्षेत्र सुमारें १,६९० हेक्टर. २०२२ सालीं त्यास रामसर यादींतही स्थान मिळालें. हें सर्व उत्तम झालें. परंतु भरतीच्या वेळीं पाखरें जेथें विसांवतात त्यांपैकीं पुष्कळ मिठागरें व तळीं या हद्दीबाहेर पडतात. पाखरूं जेवतें एका सर्व्हे नंबरांत आणि विसांवा घेतें दुसऱ्यांत. पहिला राखून दुसरा बुजविला, तर पहिल्याचाही उपयोग काय? म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, गणना हद्दीच्या आंत-बाहेर सारखीच व्हावी, व खासगी खारजमिनी तींत याव्या.

आमचे सभासद म्हणतील, आज पाखरें मोजलीं, उद्यां जमीन जाईल. ही भीति निराधार आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. मालकास न विचारतां निघालेले कागद आम्हीं टेबलाच्या पलीकडून पाहिले आहेत. मात्र मोजणाऱ्यांस कोणाच्या उताऱ्यावर शेरा मारण्याचा अधिकार नाहीं. दोष त्यांचाही आहे: न सांगतां बांध चढावयाचा, आणि आंकडा घेऊन शहरांत निघून जावयाचें! आधीं मालकास कळवावें, व मोजणीचा आंकडा त्याच्या हातीं लेखी द्यावा. इतकें होईल तर बांधावर वाट देण्यास कोणीं हरकत घेऊं नये.

त्याहून बरें हें कीं, आपणच मोजावें. भरतीची वेळ काढण्यास तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब आपणांस ठाऊकच आहे. अमावास्या-पौर्णिमेस भरती दुपारीं बाराच्या सुमारास, म्हणजे उजेड भरपूर. त्या दोन दिवशीं तासभर बांधावर बसून तिथि, जागा, जात आणि अंदाजी संख्या एवढें वहींत टिपावें. जात न ओळखल्यास चोंच सरळ कीं वांकडी, पाय लांब कीं आंखूड, तें लिहावें. ज्यांची तयारी असेल त्यांनीं आम्हांस कळवावें; वहीचीं घरें आम्ही आंखून पाठवूं.