घर आणि संसार : आजींचा समुद्र

भगिनींनो, खुबे-तिसऱ्या निवडण्यात ज्यांचे हात मुरलेले आहेत, त्यांना कोरियातील समुद्री गोगलगायींची ही हकिकत परकी वाटू नये.

बाजारात ताजी गोगलगाय घेताना तिला हळूच बोट लावून पाहावे. जिवंत असल्यास ती तत्काळ अंग आत ओढून शंखाचे झाकण मिटते. जी हलत नाही किंवा जिला दुर्गंधी येते, ती घेऊ नये. घरी आणल्यावर शंख मिठाच्या पाण्यात घासून धुतात, उकडतात आणि टोकदार काडीने वळणावळणाने मांस बाहेर काढतात.

परंतु एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. काही जातींच्या लालाग्रंथींत टेट्रामाइन नावाचे विष असते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. उलट उकळत्या पाण्यात उतरते. म्हणून मांस चिरून त्या पिवळसर गाठी काढून टाकाव्यात व ते पाणीही पिऊ नये. हयगय झाल्यास डोके दुखते, भोवळ येते, दृष्टी अंधुक होते. विस्तवाने सारेच शुद्ध होते, हा समज येथे खोटा ठरतो.

शहरात बहुधा डबाबंद मांस वापरतात. त्यातील काही माल थेट ब्रिटनच्या किनाऱ्यावरून येतो. मांसाचे तुकडे, काकडी आणि कांद्याच्या पातीच्या बारीक काड्या एकत्र करून त्यांत मिरची व आंबवलेल्या सोयाबीनचे 'गोचुजांग' नावाचे वाटण, शिरका, साखर, लसूण व तिळाचे तेल कालवतात. सोबतीला गव्हाच्या उकडलेल्या बारीक शेवया असतात. सेऊल नगरीतील उल्जिरो भागाची या पदार्थासाठी ख्याती आहे.

शंख वेचण्याचे कष्ट मात्र जेजू बेटावर पाहावेत. कोरियाचे पहिले धर्मगुरू संत आंद्रू किम यांची नौका १८४५ साली वादळात भरकटत याच बेटाला लागली होती. तेथील 'हेन्यो' स्त्रिया प्राणवायूच्या साधनावाचून सुमारे १० मीटर खोल बुडी घेतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेचा मानवजातीच्या वारशात समावेश केला. खोल पाण्यात निष्णात स्त्रिया जातात. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी वृद्धांसाठी राखून ठेवण्याची तेथे रीत आहे. त्याला त्या 'हल्मांग बादांग', म्हणजे आजींचा समुद्र, म्हणतात.

बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ आपणांस ठाऊक आहेच. गरिबांसाठी शेताचा कोपरा सोडावा, ही देवाचीच आज्ञा. जेजूच्या आजीला कोणी भीक घालीत नाही. तिच्या बळाला झेपेल असे काम तिच्यासाठी राखले जाते, आणि ती स्वकष्टाची भाकर ताठ मानेने खाते.

आपल्या घरांतही थकलेले हात आहेत. "आता तुम्ही स्वस्थ बसा" असे म्हणून आपण त्यांना प्रेमाने दूर सारतो. त्यापेक्षा धान्य निवडणे, नातवंडांना जपमाळ शिकवणे असे एखादे उथळ पाणी त्यांच्यासाठी मानाने राखून ठेवूया.