अकरा डाग

१९९७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर आमचं कुटुंब गोंदियाच्या गाडीची वाट पाहत उभं होतं. मी, माझी पत्नी, आई आणि दोन मुलं, अशी माणसं पाच आणि सामानाचे नग अकरा. जुनी माणसं नगाला ‘डाग’ म्हणत. गाडीत चढल्यावर ‘डाग मोजले का रे?’ हा माझ्या आजोबांचा पहिला प्रश्न असे. तर आमचे हे अकरा डाग रस्त्याच्या कडेला मांडून ठेवले होते, आणि शाखेतला आमचा शिपाई सायकलवरून चालला होता. तो थांबला, सामानाकडे एकवार पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘‘सायेब, फिराले चाल्ले का बदली झाली जी?’’

मला हसू आलं. पत्नीला आलं नाही. ती का हसली नाही, हे कळायला मला जवळजवळ सत्तावीस वर्षं लागली.

आमचं गाव नावाप्रमाणेच सडकेवर वसलेलं. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. जिल्ह्यात दुसरी एक अर्जुनी आहे, अर्जुनी मोरगाव. तिला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. आम्हाला सौंदडला जावं लागतं, आणि लांबची गाडी धरायची तर कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदिया. म्हणजे इथल्या माणसाचा प्रवास रेल्वेत बसण्याआधीच सुरू होतो. बॅग आधी बसच्या टपावर किंवा जीपच्या मागे, मग रिक्षात, मग जिन्यावरून फलाटावर, आणि शेवटी बाकाखाली. शहरातल्या माणसाची बॅग दारातून टॅक्सीत जाते, त्याला ती किती जड आहे हे कळतच नाही. आम्हाला चार वेळा कळतं.

त्या वर्षी आम्ही जगन्नाथपुरीला निघालो होतो. बँकवाल्यांना प्रवासभाड्याची सवलत मिळते. सरकारी कचेरीत तिला एलटीसी म्हणतात, आमच्याकडे एलएफसी. चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जा. ती सुटी दिवाळीत घेण्याची सोय आमच्या भागात नव्हती. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी असते, पाठोपाठ गावोगावच्या मंडया, मग कर्जवसुली. उरला मे महिना. त्या उन्हात, पंख्याखाली घाम पुसत, माझी पत्नी चार दिवस सामान बांधत होती. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, जवसाची चटणी, आईचं सोवळं, पूजेची डबी, धाकट्याची सर्दीची औषधं, थोरल्याची पुस्तकं, सतरंज्या, उशांचे अभ्रे, एक छोटी कढई आणि स्टोव्हसुद्धा. माझ्याकडे कोणतं काम होतं? तिकिटं. सवलतीचा परतावा मिळवायला ती जपून ठेवावी लागत, आणि ती मी अशा गांभीर्यानं जपत होतो, की जणू उरलेली सहल आपोआपच होणार आहे.

पुरीला उतरलो आणि कळलं, की आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. निघायच्या सकाळी आईनं चहाबरोबर गोळी घेतली होती आणि पाकीट फडताळात, साखरेच्या डब्यामागे, रोजच्या जागी ठेवलं होतं. गोळीचं नाव कुणालाच आठवेना. मी फलाटावर, हमाल आणि सहप्रवासी यांच्यासमोर, पत्नीला नको ते बोललो. ‘‘एवढे अकरा डाग घेतलेस, आणि नेमकी तीच वस्तू विसरलीस?’’ असं काहीतरी. एका डॉक्टरांनी आईला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, तासाभरात प्रश्न मिटला. पत्नी पुढचे आठ दिवस गरजेपुरतंच बोलली. समुद्रापाशी ती एकदाच आली. उरलेला वेळ खोलीत सामान लावत आणि परतीचं आवरत बसली.

अलीकडे, मुलगा-सून नातवंडांसह दिवाळीला येणार होते, तेव्हा मुलानं फोनवर बेत सांगितला, की दिवाळी झाली की सगळे मिळून कोल्हापूर आणि तिथून गणपतीपुळे. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, नगर, पुणे, सातारा, मिरज असं सगळं दाखवत, एका दिवसाहून अधिक वेळ घेणारी ही गाडी. नातवंडांना तीच हवी होती. मी आनंदानं पत्नीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी.’’

मला वाटलं गुडघे. मग वाटलं घराची काळजी. दोन दिवस मी आडून आडून विचारत होतो. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘मला समुद्र पाहायचाय हो. बॅगा भरायच्या नाहीयेत.’’

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माणसांच्या मनातलं ओळखतो असा माझा समज होता. तो राहू द्या.

वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत सामान बांधण्याच्या युक्त्या येतात. कपड्यांच्या गुंडाळ्या करा, बुटांत मोजे कोंबा. त्या खोट्या नाहीत, पण मूळ दुखण्याला हात लावत नाहीत. सामान जड का होतं, याचा मी नोकरीतल्या अनुभवावरून विचार केला. तपासणीला वरचे साहेब येणार असले, की आम्ही एका कर्जाच्या फायलीत सतरा कागद जोडायचो. त्यातले पाचच लागत. बाकीचे बारा ‘उद्या कुणी विचारलं तर?’ या भीतीपोटी. घरातली बाई बॅग भरताना नेमकं हेच करते. ‘लागलं तर?’ असं म्हणून ती स्वेटर घालते, छत्री घालते, जास्तीचा टॉवेल घालते. कारण ती वस्तू लागली आणि नसली, तर बोल तिला लागणार असतो. पुरीच्या फलाटावर मी तेच केलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत आमचं सामान वाढत गेलं, त्यातला निम्मा भार माझ्या त्या वाक्याचा होता.

आता बँकेतली दुसरी गोष्ट. तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. हा कुणावरचा अविश्वास नव्हे. एकट्या माणसावर एवढा भार टाकू नये, त्याला चूक परवडू नये अशी वेळ आणू नये, हा त्यातला शहाणपणा. मी पस्तीसेक वर्षं ही व्यवस्था पाळली, आणि घरच्या सहलीची अख्खी तिजोरी मात्र एकटीच्या पदराला बांधून ठेवली.

शाखेत पूर्वी ‘कॉलिंग’ही चाले. दिवसभराची व्हाउचरं एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं लेजरमध्ये पाहून खूण करायची. संगणक येण्याआधीची ही कंटाळवाणी पद्धत, पण चुका तिथेच सापडत. पुढे डॉ. अतुल गावंडे यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक वाचनात आलं. २००९ सालचं. अमेरिकेतले नावाजलेले शल्यविशारद, पण मूळ घराणं आपल्या विदर्भातलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. शस्त्रक्रियेच्या वेळी तपासून पाहायची एकोणीस मुद्द्यांची यादी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीत मोठी विद्या काहीच नाही. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या जागी, प्रतिजैविक दिलं का, अशा साध्या गोष्टी. पण त्या मोठ्यानं विचारायच्या आणि सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. विमानचालकांकडे ही पद्धत त्याही आधी आली. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीत कोसळलं. चालवणारा अत्यंत अनुभवी होता, फक्त शेपटीकडच्या नियंत्रणांचं कुलूप काढायचं राहून गेलं. तेव्हापासून यादी वाचायची पद्धत रुजली. असा निष्णात माणूस कुलूप विसरतो, मग चार दिवस पुऱ्या तळणारी बाई गोळ्यांचं पाकीट विसरली तर तिला फलाटावर उभं करून जाब विचारायचा?

तर मी पत्नीला म्हटलं, ‘‘या वेळी तू फक्त तुझी बॅग भर.’’ तिचा विश्वास बसला नाही. बसण्याचं कारणही नव्हतं.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा ओसरीवर बैठक झाली. प्रत्येकाची बॅग प्रत्येकानं भरायची, सहा वर्षांच्या नातीनंसुद्धा. तिनं पहिल्यांदा दोन बाहुल्या आणि लक्ष्मीपूजनाच्या बत्ताशांचा पुडा भरला, कपडे शून्य. आम्ही हसलो, पण बॅग तिच्याकडून काढून घेतली नाही. तिच्या आईनं कागदावर फ्रॉकची चित्रं काढून दिली, नात एकेक फ्रॉक ठेवत गेली आणि चित्रावर फुली मारत गेली. सामाईक गोष्टींची यादी मी केली आणि मुलानं ‘कॉलिंग’ केलं. वस्तू समोर दिसल्याशिवाय खूण नाही, ‘ठेवली आहे’ या शब्दावर तर मुळीच नाही. तीन वस्तू अशा निघाल्या, की त्या मी ठेवल्या आहेत असं सून समजत होती आणि तिनं ठेवल्या आहेत असं मी.

औषधांचं मात्र मी स्वतःकडे घेतलं, ते कर्ज माझंच होतं. प्रत्येकाच्या गोळीचं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहिली, कारण कंपन्यांची नावं गावोगाव बदलतात. गोळ्यांचा एक वाटा माझ्या पिशवीत, दुसरा मुलाच्या. आणि एक चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. त्यावर शेवटच्या सकाळपर्यंत वापरात असणाऱ्या वस्तूच लिहिल्या होत्या : चष्मे, दात घासायचे ब्रश, मोबाइलचे चार्जर, माझी कवळी, सकाळची गोळी. माझा अनुभव असा, की विसरतात त्या याच वस्तू. जी आठ दिवस आधी बॅगेत जाते ती कधीच विसरत नाही, आणि बहुतेक वेळा लागतही नाही.

सहाही जणांच्या बॅगा उचलून शेजारच्या धान व्यापाऱ्याच्या काट्यावर नेल्या, तेव्हा गावाची करमणूक झाली. रेल्वेच्या शयनयान डब्यात माणशी चाळीस किलो सामान फुकट नेता येतं. पण रेल्वेला जे चालतं ते माझ्या खांद्याला चालेल असं नाही. आम्ही माणशी दहा किलोंची मर्यादा घातली. माझी बॅग साडेतेरा निघाली. तीन जाडजूड पुस्तकं काढावी लागली. पत्नी बघत होती, बोलली नाही काही.

शाखेत जशी एका वेळेला रोकड बंद होते आणि नंतर आलेल्या ग्राहकाला नम्रपणे उद्या या म्हणतात, तसं आम्ही आदल्या संध्याकाळी सातला बॅगा बंद केल्या. त्यानंतर आठवलेली वस्तू वाटेत विकत घ्यायची, आणि ज्याची राहिली त्याला कुणी काही म्हणायचं नाही. हे शेवटचं कलम लिहून घेताना मुलानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. पुरीला तो नऊ वर्षांचा होता. त्याला आठवत असावं.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. वयाची सवय आहे, रात्री साडेदहाला पत्नी उठून स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘तुमच्या बनियनी ठेवल्या का ते बघतेय.’’ मी तिला परत झोपायला लावलं. वास्तविक ठेवल्या नव्हत्या. ते मला नागपूर गेल्यावर कळलं. मी तिला सांगितलं, तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत होती. ‘‘मिळतील कोल्हापुरात,’’ एवढंच म्हणाली, आणि नातीला कापसाची शेतं दाखवू लागली.

तिच्या मांडीवर एक छोटी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि घडी घातलेली दुसरी एक रिकामी कापडी पिशवी. ही रिकामी कशाला, म्हणून मी विचारलं.

‘‘येताना गूळ आणायचाय,’’ ती म्हणाली. ‘‘ती तुम्ही उचला.’’