छातीतली टिकटिक

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका लागायची तेव्हा तिच्यातले टेकाडे भावजी दिसायला कसे आहेत याची बहुतेक श्रोत्यांना कल्पना नव्हती, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. आवाज आला की माणूस घरात आला, असा तो हिशेब होता. श्रुतिकेचा सगळा संसार याच विश्वासावर चालतो. विज्ञानकथा श्रुतिकेचे रूप घेते तेव्हा ती हा विश्वास आधी वापरते आणि जमले तर त्यालाच सुरुंग लावते.

याचा उत्तम नमुना सत्तर वर्षांहून जुना आहे. रे ब्रॅडबरी यांची ‘मॅरिओनेट्स, इन्कॉर्पोरेटेड’ ही कथा १९४९ मध्ये अमेरिकेत छापून आली. एनबीसी रेडिओने ती १९५१ मध्ये ‘डायमेन्शन एक्स’ आणि १९५५ मध्ये ‘एक्स मायनस वन’ या मालिकेत सादर केली. ब्रेलिंग नावाचा गृहस्थ दहा वर्षांच्या संसाराला विटला आहे. त्याला रिओला जायचे आहे, पण घरातून निघता येत नाही. तो एका कंपनीकडून गुपचूप स्वतःची प्रतिकृती बनवून घेतो. बोलणे तेच, चालणे तेच, अंगाचा घामसुद्धा तोच. प्रतिकृतीने बायकोजवळ बसायचे, मालकाने चैन करायची. स्मिथ या मित्राचा विश्वास बसेना, तेव्हा त्याला प्रतिकृतीच्या छातीला कान लावायला मिळतो. आत धडधड नाही, टिकटिक आहे. आता स्मिथलाही मोह होतो. त्याची बायको अलीकडे जरा जास्तच लाडात येऊ लागली आहे, तिच्यापासून महिनाभर सुटका मिळाली तर बरे. घरी जाऊन तो बँकेचे पासबुक उघडतो. दहा हजार डॉलर कमी. मग तो झोपलेल्या बायकोच्या छातीला कान लावतो.

टिकटिक.

छापील कथेत हा शब्द वाचावा लागतो. पडद्यावर दोन ब्रेलिंग शेजारी उभे करायला कॅमेऱ्याची करामत लागते आणि प्रेक्षकाचे निम्मे लक्ष त्या करामतीकडेच जाते. रेडिओवर मात्र श्रोत्याचा कान आणि स्मिथचा कान यांत अंतरच उरत नाही. दोघांकडे पुरावा एकच. अंधाऱ्या खोलीत रेडिओ ऐकणाऱ्याला घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचाही त्या रात्री संशय आला असेल, तर नवल नाही.

कथेत उणीव आहे. दोन्ही बायका कागदी आहेत. नवऱ्याच्या जाचाला कारण एवढेच त्यांचे काम. त्या काळच्या अमेरिकी विनोदाची ती ठरलेली खोड होती. पण ब्रॅडबरी यांची खरी नजर यंत्रावर नाहीच. ब्रेलिंगची प्रतिकृती तक्रार करते ती वेगळीच: काम संपले की मला तळघरातल्या पेटीत का ठेवता? आणि पुढे, तुमच्या बायकोवर माझे प्रेम बसले आहे. जी नाती आपण कंत्राटाने दुसऱ्यावर सोपवली, त्यांवर आपला हक्क किती दिवस राहतो, हा इथला प्रश्न आहे. यंत्र माणसासारखे कसे होते, ही चर्चा त्यापुढे फिकी पडते.

या प्रश्नाची दुसरी बाजू वास्तवात घडली. १९८५ मध्ये न्यूमोनियानंतरच्या शस्त्रक्रियेत स्टीफन हॉकिंग यांची वाचा कायमची गेली. त्यांना मिळालेला यंत्राचा आवाज डेनिस क्लॅट या अमेरिकी संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडवलेला होता. म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकी वळणाने बोलू लागला. पुढे याहून सफाईदार, याहून मानवी आवाज उपलब्ध झाले. हॉकिंग यांनी ते घेतले नाहीत. तो धातूसारखा, उसना आवाज आता त्यांचा होता. जुनी यंत्रसामग्री कुरकुरू लागली तेव्हा अभियंत्यांनी खटपट करून तोच आवाज नव्या संगणकावर उतरवला, तो २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी. इथे टिकटिक उघड होती आणि आतला माणूस कोण याबद्दल कोणालाही शंका नव्हती. फरक संमतीचा होता. क्लॅटने आवाज दिला, हॉकिंग यांनी तो घेतला. कोणी कोणाला फसवले नाही.

आज आवाजाची नक्कल करायला काही सेकंदांचे ध्वनिमुद्रण पुरते. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने असे स्वयंचलित फोन बेकायदा ठरवले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना अंतरिम दिलासा दिला आणि परवानगीवाचून आवाजाची नक्कल करणे हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्कावरचा घाला मानला. आदेश स्वागतार्हच. पण त्याचा आधार मुख्यतः प्रसिद्धी हा आहे. ज्याचा आवाज विकला जातो त्याला तो तारतो. डबिंगच्या स्टुडिओत तासावर पैसे घेणाऱ्या कलाकाराने सही केलेल्या कागदातली एक ओळ त्याचा आवाज कायमचा पेटीत घालू शकते. आणि ज्याच्या आईला त्याच्याच आवाजात ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा फोन येतो, तो तर मुळीच प्रसिद्ध नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आवाजाचा वेगळा उल्लेख नाही. तो हवा, आणि तो करताना आवाज ही मालमत्ता आहे की शरीराचा भाग, हेही ठरवावे लागेल. आमच्या मते तो शरीराच्या अधिक जवळचा आहे. मालमत्ता एकदा विकली की संपते. आवाज विकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही त्याच आवाजात घरी बोलायचे असते.

ब्रॅडबरी यांच्या कथेत अखेर ब्रेलिंग पेटीत जातो आणि त्याची प्रतिकृती जिना चढून वर येते. झोपलेल्या बायकोच्या गालाचे कोणीतरी चुंबन घेते. ती जागी होते, गालाला हात लावते आणि चकित होते, कारण कित्येक वर्षांत असे घडले नव्हते. तिने त्याच्या छातीला कान लावला की नाही, हे कथा सांगत नाही.