पुसलेली पाटी, उरलेली वही

जी शंका मनुष्य घरच्यांना किंवा वैद्यालाही विचारण्यास संकोचतो, ती आज तो निःसंकोचपणे गूगलला विचारतो. छातीत उठलेली कळ, डोक्यावरील कर्ज, मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी, सारे काही त्या एका चौकटीत लिहिले जाते. पुढे केव्हातरी मन धास्तावते आणि तो शोधांची यादी पुसून टाकतो. पडदा कोरा होतो आणि मनही निर्धास्त होते. हा निर्धास्तपणा कितपत सार्थ आहे?

मुळात या इतिहासाच्या वह्या दोन आहेत. एक आपल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये, दुसरी गूगलच्या सर्व्हरवर आपल्या खात्याच्या नावे. पहिली पुसली म्हणून दुसरी पुसली जातेच असे नव्हे. दुसरी पुसली, तर नोंद तत्काळ दिसेनाशी होते. परंतु कंपनीच्याच जाहीर धोरणानुसार, साठ्यातून ती पूर्णपणे जाण्यास साधारणतः दोन महिने लागतात आणि राखीव प्रतींत ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. काय शोधले ते गेले, तरी काहीतरी शोधले होते एवढी नोंद मागे उरू शकते.

नाव काढून टाकले की माहिती निरुपद्रवी होते, असाही युक्तिवाद केला जातो. २००६ साली अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे जवळजवळ दोन कोटी शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, संशोधनासाठी प्रसिद्ध केले. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी केवळ त्या शोधांवरून जॉर्जिया राज्यातील एका वृद्धेचे घर गाठले. कंपनीने माहिती मागे घेतली खरी. पण तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. गूगलच्या तथाकथित 'गुप्त' खिडकीतून झालेल्या वावराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, तेही २०२० पासून चाललेल्या खटल्यातील तडजोड म्हणून!

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा अधिकारही दिला. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी, सरकारी गरजेच्या विशिष्ट कारणांसाठी, माहिती व तिच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवण्याचे बंधन घातले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने रोखून धरण्याचाच हा प्रकार नव्हे काय? गुन्ह्यांच्या तपासासाठी काही नोंदी लागतात, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यासाठी प्रत्येक निरपराध नागरिकाची वही उघडी ठेवणे न्याय्य ठरत नाही.

पुसणे ही आपली कृती नसून दुसऱ्याने दिलेले वचन आहे, हे यातील मर्म होय. वचन पाळल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी वही बाळगणाऱ्यावरच असली पाहिजे आणि तो पुरावा तपासण्याची धमक नव्या माहिती संरक्षण मंडळाने दाखविली पाहिजे. तोवर नागरिकांनी निदान आपल्या खात्यात तीन महिन्यांनी नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची सोय सुरू करून घ्यावी. पाटी आपल्या हाती आहे. वही अद्याप नाही.